डावीकडचं

"हे बघा, मी बोट ठेवलंय तिथे," विक्रेती म्हणाली, आणि त्याला बोट दिसेना. समोर रुंद, आत वळलेला मॉनिटर होता. त्यावर बर्फातून जाणारा रस्ता होता, रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी झाडं होती, झाडांच्या वर थंडगार, निळसर आभाळ होतं. बोट कुठेच नव्हतं. "कुठे?" त्यानं विचारलं. "इथे, डाव्या कोपऱ्यात. स्वस्तातल्या मॉडेलला इथून पांढुरका उजेड झिरपतो. अंधाराचं दृश्य आलं की कळतं. नंतर तुमची तक्रार नको म्हणून आधीच सांगते." त्यानं मान वळवली. आधी नख दिसलं, मग बोट, मग मनगट, आणि मग एकदम ती सबंध बाई, त्याच्या खांद्यापासून हातभर अंतरावर उभी असलेली. तो दचकला. ती मागच्या काउंटरवरून बोलते आहे असं तो इतका वेळ धरून चालला होता. "तुम्ही केव्हा आलात इथे?" तो म्हणाला. विक्रेती हसली नाही. "मी इथेच आहे, सर. तुम्ही खुर्चीत बसलात तेव्हापासून."

एवढंच झालं. आजूबाजूला दुकान चालू होतं. कुणी हेडफोन कानाला लावून बघत होतं, कुणी केबलची लांबी विचारत होतं. त्याला मात्र वाटलं की आपल्या पायाखालची एक फरशी हलली, आणि ती कोणती हे बघायला खाली वाकण्याची हिंमत आपल्यात नाही.

खरं म्हणजे हा मॉनिटर घ्यायचं त्यानं कित्येक आठवडे घोळवत ठेवलं होतं. संध्याकाळी छापखान्यातून आल्यावर जेवणाचं ताट मांडीवर घेऊन तो एकामागून एक परीक्षणं बघायचा. कुणी सांगायचं की फार वाकलेला घेऊ नका, सरळ रेषा तिरक्या वाटतात. दुसरा म्हणायचा, वाकलेलाच घ्या, कडा डोळ्यांच्या जवळ येतात, खेळात शिरल्यासारखं होतं. एक गंभीर चेहऱ्याचा माणूस होता, तो फक्त काळ्या रंगाबद्दल बोलायचा: स्वस्त पडद्यावर अंधारात काही हललं की त्याची सावली मागे फरपटत येते, जणू प्रत्येक गोष्टीला आपलं प्रेत ओढत न्यावं लागतंय. हे वाक्य त्याला फार आवडलं होतं. रुंद पण कमी बारकाव्याचा घ्यावा, की जास्त बारकाव्याचा घेऊन वेगात तडजोड करावी, यावर परीक्षणांखालच्या प्रतिक्रियांत अनोळखी माणसं एकमेकांशी हमरीतुमरीवर येत. एकदोनदा त्यानंही आपलं मत मांडलं, कुणीतरी त्याला उत्तरही दिलं, आणि दुसऱ्या दिवशी छापखान्यात जाताना तो त्या उत्तराला मनातल्या मनात प्रत्युत्तर देत चालला होता. निवड एकदा झाली की हे सगळं संपेल, या माणसांकडे आपलं काही काम राहणार नाही, हे त्याला कळत होतं. म्हणून तो यादीतलं एक मॉडेल काढायचा आणि दोन आत घ्यायचा.

पण मॉनिटर घ्यायला कारणही तसंच घडलं होतं. संगणकावर तो खेळायचा त्या खेळात एक बर्फातलं, ओस पडलेलं शहर होतं. दोघांनी मिळून त्या शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, पडक्या घरांतून खाणंपिणं शोधायचं आणि लांडगे टाळायचे. त्याचा जोडीदार 'मिस्त्री' या नावानं खेळायचा. मिस्त्री कोण, कुठला, किती वर्षांचा, हे त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते इतकंच, की मिस्त्रीला पडकी घरं दुरुस्त करत बसायला आवडतं आणि वाटेत थांबून तो फळ्या ठोकत राहतो. दोघं टाइप करून बोलत. सुरुवातीला मिस्त्रीनं माइक लावायला सुचवलं होतं. ह्यानं माझा माइक बिघडलाय असं कळवलं, आणि मिस्त्रीनं पुन्हा विषय काढला नाही. बिघडलेलं काही नव्हतं. दिवसभर न बोललेल्या तोंडाला घरी येऊन अनोळखी माणसाशी बोलायला लावायचं हे त्याला जिवावर यायचं, इतकंच. पण अलीकडे तो फार मरत होता, आणि दरवेळी डावीकडून. लांडगा यायचा, पडदा लाल व्हायचा, आणि मेल्यावर खाली मिस्त्रीची ओळ दिसायची: डावीकडे! डावीकडे बघ! शेवटी मिस्त्रीनंच लिहिलं, भाऊ, तुझा मॉनिटर चिंचोळा आहे, रुंद घे एखादा, बाजूचं दिसेल. त्यालाही ते पटलं. दोष मॉनिटरचा होता.

आता विक्रेती त्याच्या मागे उभी राहून काहीतरी करत होती. "समोर रस्त्याकडेच बघा," ती म्हणाली. "मी मागून दोन्ही हात पुढे आणते. दिसला की सांगा." हे दुकानात कशाला, असं त्याच्या मनात आलं, पण तो आज्ञाधारकपणे रस्त्याकडे बघत बसला. उजवा हात त्याला लवकरच दिसला, चिमटीत काहीतरी धरल्यासारखा. मग तो डाव्या हाताची वाट बघत राहिला. अचानक हात थेट नाकासमोरच उगवला, पाण्यातून वर आल्यासारखा. "माझ्या वडिलांचं असंच होतं," विक्रेती हलक्या आवाजात म्हणाली. "तुम्ही डोळे दाखवून घ्या, सर. मॉनिटर काय, कुठे पळून जात नाही." त्याला राग आला. तो छापखान्यात औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर तपासायचा. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं असत. एखादी मात्रा इकडची तिकडे झाली, दशांशचिन्ह पुसट झालं, तर सबंध छपाई त्याच्या सांगण्यावरून थांबायची. आपली नजर कशी आहे हे त्यानं तिला जरा तोऱ्यातच ऐकवलं. "असेलच," ती म्हणाली. "समोरचं त्यांनाही छान दिसायचं."

काही न घेता तो बाहेर पडला. रस्त्यावर संध्याकाळची वर्दळ होती आणि त्याला पहिल्यांदाच जाणवलं की डावीकडची माणसं चालत येत नाहीत. ती एकदम होतात. काही नसतं, आणि मग एक पिशवी असते, एक खांदा असतो, एक सायकल असते आणि सायकलवाल्याची शिवी असते. हे आजचं नव्हतं. त्याच्या डाव्या दंडावर नेहमी कुठे ना कुठे हिरवंनिळं झालेलं असायचं, आणि आपण वेंधळे आहोत असं म्हणून त्यानं ते केव्हाच स्वीकारलं होतं. आई त्याला लहानपणी धांदरट म्हणायची, तेव्हा त्यात नवं ते काय. छापखान्यात त्याच्या डाव्या हाताच्या टेबलावर बसणारी हिशेबनीस पूर्वी सकाळी त्याच्याशी बोलायची. मग हळूहळू बोलेनाशी झाली. लोक असे बदलतातच, असं तो स्वतःला सांगायचा. आता चालता चालता त्याला वाटलं, ती रोज हसत असेल. ती रोज हसत असेल आणि मी सरळ बघत पुढे जात असेन. तो फुटपाथच्या कडेला भिंतीला पाठ लावून उभा राहिला, कारण पाठीला भिंत असली की निदान एक बाजू कमी होत होती.

आणि मग त्याला बायको आठवली. बायको म्हणजे आता कुणी नाही. कागदोपत्री वेगळं होऊनही बराच काळ लोटला होता. ती चालताना नेहमी त्याच्या डावीकडे असायची. का, तर तिला उजव्या हाताला माणूस असलेला बरा वाटायचा, आणि लग्नाआधी पहिल्यांदा फिरायला गेले तेव्हा तशीच चालली होती म्हणून. कोचावर ती डावीकडे, पलंगावर डावीकडे. एकदा ती केस कापून आली होती, पार कानापर्यंत, आणि त्याच्या शेजारी बसून वाट बघत राहिली होती. टीव्ही चालू होता. शेवटी ती उठली आणि आत जाऊन भांडी घासू लागली. भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता, म्हणून तो बघायला गेला, तर स्वयंपाकघरात एक आखूड केसांची बाई पाठमोरी उभी होती. "तू माझ्याकडे सरळ कानाडोळा करतोस," असं ती म्हणायची. रागानं नाही, पाऊस पडतोय असं सांगावं तसं. हे सगळं आठवत असताना त्याला अंगातून काहीतरी चढत गेल्यासारखं वाटलं आणि तो आनंद आहे हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा तो घाबरला. डोळे जात आहेत ही कल्पना मनात आल्याला अर्धा तासही झाला नव्हता आणि तो भिंतीला टेकून जवळजवळ हसत होता. मी बघत नव्हतो असं नाही. मला दिसत नव्हतं.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे तो त्या आनंदातच गेला. तिथे त्याला एका अंधाऱ्या खोलीत बसवलं. एका पांढऱ्या, खोलगट घुमटात तोंड घालायचं, हनुवटी टेकवायची, समोरच्या ठिपक्यावर नजर ठेवायची आणि बाजूला कुठेही उजेडाचा कण चमकला की हातातलं बटण दाबायचं. एक डोळा झाकून आधी उजवा, मग डावा. खेळासारखंच होतं ते, आणि तो या खेळात वाकबगार होता असं त्याला वाटलं. कण चमकले, त्यानं बटण दाबलं. मग काही वेळ काहीच आलं नाही. घुमट नुसता पांढरा होता, आतून कुठेतरी यंत्राची बारीक टिकटिक ऐकू येत होती. पुन्हा दोनचार कण आले, पुन्हा नुसता पांढरा उजेड. डाव्या डोळ्याच्या वेळी हे थांबणं फारच लांबलं. तो ताटकळला. लहानपणी लपाछपीत एकदा तो कपाटामागे लपला होता आणि बाकीची मुलं खेळ मोडून घरी निघून गेली होती. तसं त्याला त्या घुमटात वाटू लागलं. तपासणी संपल्यावर त्यानं यंत्र चालवणाऱ्या मुलीला विचारलं, "हे यंत्र मधे मधे बंद पडत होतं का?" ती कागद काढत होती. "नाही," ती म्हणाली. "एकदाही नाही."

काचबिंदू, डॉक्टर म्हणाले. डावा डोळा कडेकडेनं बराच गेलाय, उजवाही सुरुवात करून बसलाय. गेलं ते परत येत नाही. राहिलंय ते थेंब घालून राखता येतं, आणि ते राखायचं. त्यानं विचारलं की मग मला कडेला काळं का दिसत नाही. डॉक्टरांना हा प्रश्न सवयीचा असावा. "काळं दिसायलाही डोळा लागतो," ते म्हणाले. "जिथे दिसत नाही तिथे मेंदू आजूबाजूचं काहीतरी पसरवून देतो. भिंत असेल तर भिंत. रस्ता असेल तर रस्ता. तुम्हाला कमी आहे असं वाटतच नाही." तो हे शब्द जपून घेऊन बाहेर आला. हेच तिला सांगायचं होतं. जिन्यात उभं राहून त्यानं तिचा नंबर लावला.

तिनं फोन उचलला तेव्हा मागे कुठलंसं यंत्र घरघरत होतं. ती कपड्यांच्या कारखान्यात नमुने कापायची. तिनं आवाज ओळखला आणि लगेच काय झालं म्हणून विचारलं, कारण काही झाल्याशिवाय त्याचा फोन यायचं काही कारण नव्हतं. त्यानं दुकानापासून सगळं सांगितलं. ती मधे मधे नेमके प्रश्न विचारत गेली: थेंब दिवसातून किती वेळा, घालायला जमतात का स्वतःचे स्वतःला, रस्ता ओलांडताना कसं करतोस, छापखान्यात सांगितलंस का. तिचा स्वर खराच काळजीचा होता आणि त्यामुळे त्याला धीर आला. मग तो मुद्द्यावर आला. ती डावीकडे चालायची, डावीकडे बसायची, याची त्यानं तिला आठवण करून दिली. केस कापले होते त्या दिवसाचीही. डॉक्टरांचं भिंतीचं आणि रस्त्याचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. "म्हणजे मी मुद्दाम नाही केलं ते," तो म्हणाला. "मला तू दिसतच नव्हतीस."

तिकडे यंत्र घरघरत राहिलं. मग बहुधा ती बाजूला जाऊन उभी राहिली, कारण आवाज कमी झाला.

"मी म्हणायचे ना, तू कानाडोळा करतोस," ती म्हणाली. "त्यातला डोळा आता वजा करू. तुझी काही चूक नव्हती. पण मी बोलायचेसुद्धा रे. कान तर चांगले होते ना तुझे?"

तिनं उत्तराची वाट बघितली असं वाटलं नाही. थेंब चुकवू नकोस, ती म्हणाली, आणि घालताना खालची पापणी ओढून धर, नाहीतर गालावरून वाहून जातात. माझ्या मावशीचे जायचे. मग कुणीतरी तिला हाक मारली आणि तिनं फोन ठेवला.

जिना उतरताना तो कठड्याला धरून उतरला. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा कमी दुःख होत होतं आणि जास्त थकवा आला होता. पुढचे काही दिवस तो थेंब घालायचा, पापणी ओढून धरायचा, डोळे मिटून पडून राहायचा, आणि त्या मिटल्या डोळ्यांत बायको दिसत नसे, ऐकू येई. ती काय काय बोलायची ते त्याला शब्दन्‌शब्द येत होतं, हीच गंमत होती. कारखान्यातली नवी मुकादम कशी बोलते. कात्री चालवून अंगठा रात्री कसा बधिर होतो. एकदा बसमधून उतरायचंच विसरले आणि शेवटच्या थांब्यावर तशीच बसून राहिले, चालकानं विचारलं तेव्हा भानावर आले. हे सांगून झाल्यावर ती उभी राहिली होती. तेव्हा तो घरी आणलेला खोक्यांचा मजकूर तपासत होता आणि त्याला प्रत्येक शब्द नीट ऐकू आला होता. शेवटच्या थांब्यावर का बसलीस, हे विचारावं असं त्याच्या मनातही आलं होतं. मजकूर संपला की विचारू, असं तो म्हणाला होता, मनात.

त्या रविवारी तो पुन्हा दुकानात गेला. विक्रेतीनं त्याला ओळखलं आणि तिनं काय झालं ते विचारलं नाही, काचबिंदू ना, एवढंच म्हणाली. तो हो म्हणाला, आणि आभार मानायचे होते ते राहूनच गेले. तिनं रुंद, वाकलेल्या मॉनिटरसमोर पुन्हा खुर्ची ठेवली. "आता मागे सरका," ती म्हणाली. "दोन्ही कडा एकदम दिसेपर्यंत." तो सरकला. उजवी कड लवकर आली, डावी येईना. तो सरकत राहिला, गिऱ्हाइकं बाजूला होऊन त्याला वाट देत राहिली, आणि डावी कड दिसली तेव्हा खुर्चीची पाठ मागच्या भिंतीवरच्या कीबोर्डांना टेकली होती. तिथून तो महागडा, वाकलेला पडदा एवढासा वाटत होता, कुणाच्यातरी घरातल्या दूरच्या उजळलेल्या खिडकीसारखा. दोघंही हसले. "हा तुमच्यासाठी नाही," ती म्हणाली. "सांगून दुकानाचं नुकसान करतेय, पण नाहीच. हा ज्याला कडेचं दिसतं त्याच्यासाठी." तिनं त्याला आतल्या बाजूला ठेवलेला एक लहान, सरळ मॉनिटर दाखवला, त्याच्या घरच्यापेक्षाही लहान. सगळं दृश्य त्याच्या उरलेल्या नजरेत मावत होतं. आठवडेच्या आठवडे ऐकलेलं वाकणं, रुंदी, सावल्या, सगळं फुकट गेलं, आणि तो तोच घेऊन निघाला. रस्त्यानं तो खोकं डाव्या काखेत धरून चालला. येणारी माणसं खोक्याला बघून आपोआप बाजूला होत होती.

घरी येऊन त्यानं मॉनिटर जोडला. बाहेर अजून उजेड होता, समोरच्या इमारतीत कुणी गाद्या झटकत होतं. खेळ लावला तेव्हा मिस्त्री आधीच आलेला होता आणि एका पडक्या घराच्या दाराला बिजागरी बसवत होता. आला का नवा मॉनिटर, त्यानं लिहिलं. ह्यानं उत्तर टाइप करायला बोटं ठेवली. काचबिंदू हा शब्द त्यानं लिहिला, मग खोडला. लिहिलेला तो छापखान्यातल्या खोक्यावरच्या शब्दासारखा दिसत होता. कपाटातून माइकचा हेडफोन काढून, गुंता सोडवून, त्यानं तो कानांवर बसवला. आत आधी नुसती खरखर झाली. त्यानं घसा खाकरला. आज सकाळपासून तो कुणाशी बोलला होता ते फक्त त्या विक्रेतीशी.

"मला डावीकडचं दिसत नाही," तो म्हणाला. "मॉनिटरचं नव्हतं ते. माझंच आहे."

पलीकडे कुठेतरी एक खुर्ची करकरली. मग एक आवाज आला, घोगरा, वय झालेला, सर्दी झाल्यासारखा. "अरे," आवाज म्हणाला. "मग हे तू आधी बोलायचंस ना. मी तुला 'डावीकडे बघ' असं लिहीत बसायचो." मिस्त्री खोकला, आणि मग म्हणाला की ठीक आहे, डावी बाजू माझी, मी सांगत जाईन. कानात तो माणूस श्वास घेत होता, आणि ऐकू येणारी शांतता अशीच टाकून देता येईना. म्हणून त्यानं विचारलं, "तुम्ही ही घरं कशाला दुरुस्त करत बसता? आपल्याला तर पुढे निघून जायचं असतं."

मिस्त्री हसला. आधी तो म्हणाला, असंच, हात शिवशिवतात. ह्यानं पुढे काही न बोलता थांबून राहायचं ठरवलं, आणि तो थांबला. मग मिस्त्री सांगू लागला की तो खरोखरीच सुतार होता, पण हातांना कंप सुरू झाल्यावर मुलीनं हत्यारं काढून माळ्यावर टाकली. या खेळात हात थरथरले तरी खिळा सरळच बसतो. बायको जाऊन किती दिवस झाले, घरात आता कोणती दारं लागत नाहीत, कुठल्या दाराचा आवाज त्याला झोपेतही ओळखू येतो, हे तो एकातून दुसरं असं सांगत गेला. बर्फात दोन माणसं दारापाशी उभी होती, एकाच्या हातात हातोडा तसाच वर धरलेला. ह्याच्या खोलीतला उजेड कमी होत गेला आणि दिवा लावायला उठायचं त्याच्या मनात आलं नाही. डावीकडून लांडगे आले. मिस्त्रीला ते दिसायला हवे होते, पण तो बोलण्याच्या भरात होता. पडदा लाल झाला, दोघंही मेले.

"गेलो की," मिस्त्री म्हणाला. "माझंच लक्ष नव्हतं."

"असू दे," तो म्हणाला. "दाराचं सांगत होतात."